न झिजलेल्या चाकाकडे आधी बघा

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, ओढणाऱ्या बऱ्याच जणांना हिवाळा सरल्यावर एकदा तरी हा प्रकार दिसतो. चाक काढलं, ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) खेचून बाहेर घेतला, तर एका बाजूचे ब्रेक लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे थर, पार संपत आलेले. दुसरी बाजू उघडावी, तर तिथले लायनर जवळजवळ नवेकोरे! मीही पहिल्यांदा झिजलेल्या बाजूला नवे शू (लायनर ज्यावर बसतं त्या कमानी) बसवून मोकळा झालो होतो. पुढच्या हंगामात तीच बाजू पुन्हा संपली.

मला कळायला हवं होतं ते इतकंच, की झिजलेलं चाक बहुतेक वेळा ब्रेकचं काम इमानाने करत असतं. बिघाड असतो तो कोऱ्या दिसणाऱ्या चाकात. ते काम करत नाही, म्हणून त्याचा भारही दुसऱ्यावर पडतो.

हे ब्रेक चालतात चुंबकावर. प्रत्येक चाकात तरफेच्या टोकाला एक मॅग्नेट असतो. चालकाने ब्रेक दाबला की गाडीतला कंट्रोलर त्याला करंट देतो आणि मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो. ड्रम त्याला आपल्याबरोबर थोडा ओढतो, त्यासोबत तरफ कलते आणि पुढचा शू ड्रमवर दाबला जातो. पुढचा शू मागच्याला रेटतो. म्हणजे चाकाचा स्वतःचा वेगच ब्रेकला जोर पुरवतो. मागच्या शूवर जास्त भार येतो, म्हणूनच त्याचं लायनर लांब असतं. एकाच चाकातल्या दोन शूंची झीज थोडी वेगळी दिसली तर घाबरू नये. बसवताना आखूड लायनरचा शू मागे गेला असेल, तर मात्र तो दुरुस्त करायलाच हवा.

आता डाव्या-उजव्यातला फरक. दहा किंवा बारा इंची ब्रेकचा मॅग्नेट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ४ ओहमच्या आसपास. एवढ्या कमी रोधाच्या सर्किटमध्ये गंजलेला एक जोड खूप नुकसान करतो. त्या जोडाने नुसता अर्धा ओहम वाढवला, तरी करंट ३ वरून २.७ अँपिअरच्या खाली येतो. मॅग्नेटची ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे त्या चाकाची ओढ सुमारे एक पंचमांश घटते. रस्त्यावरच्या मिठाने हिरवी पडलेली तांब्याची तार उघडून पाहिली, की हे गणित डोळ्यांना दिसतं.

म्हणून पाना उचलण्याआधी मल्टिमीटर उचलावा. ब्रेकच्या निळ्या वायरमध्ये अँपिअर मोजा. चार चाकांना १२ च्या आसपास करंट हवा. ९ दिसला तर एक मॅग्नेट पूर्ण बंद असण्याची शक्यता मोठी. मग ब्रेक लावलेला ठेवून प्रत्येक मॅग्नेटच्या दोन तारांमधला व्होल्टेज बघा. एकाच चाकाशी तो कमी असेल तर दोष वायरिंगचा. ॲक्सलच्या नळीतून जाणारी वायर आत घासून सोलली जाते, आणि पांढरी अर्थिंगची वायर तर नेहमीच दुर्लक्षित राहते.

वायरिंग ठीक निघालं, तर ड्रमच्या आत शोधा. मॅग्नेटचा चेहरा सपाट झिजायला हवा. तो तिरका झिजला असेल तर तरफ वाकलीय किंवा तिचा बुश गेलाय. बेअरिंगचं सील गळून लायनरवर ग्रीस आलं असेल, तर ते लायनर धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका. लायनर ग्रीस शोषून घेतं, आणि तापलं की ते पुन्हा वर येतं. शू बदलायचे ते त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे.

एक अपवाद आहे: फार घट्ट ॲडजस्ट केलेला ब्रेक. तो सतत घासतो आणि खरोखर स्वतःच्याच दोषाने झिजतो. चाक जॅकवर उचलून, शू ड्रमकडे सरकवणारं दात्यांचं ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळावं, मग हलकी घासल्याची खरखर तेवढी उरेल इतकं सोडावं. स्वतःहून ॲडजस्ट न होणाऱ्या नव्या ब्रेकना पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३००० मैलांना हे लागतं.

सगळं झाल्यावर मी मोकळ्या रस्त्यावर हळू जातो, कंट्रोलरच्या हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक काही वेळा लावतो, आणि थांबून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ (हबजवळ), न चिकटवता, तळहात धरतो. चौघांची ऊब सारखी लागली, तरच पुढच्या प्रवासाला निघतो.