पोटफुगी : तरुण स्त्रियांमधील

पोट भरल्यासारखे, ताणल्यासारखे किंवा जड वाटण्याच्या तक्रारीला पोटफुगी म्हणतात. काहींत पोटाचा घेर खरोखर वाढतो, काहींत तो वाढत नाही आणि केवळ जाणीव असते; वैद्यक या दोन गोष्टी वेगळ्या मानते. वयात आल्यापासून पुढे ही तक्रार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. कोकणात ‘गुबारा धरला’, ‘वायू धरला’, ‘पोट तट्ट झालं’ असे म्हणतात. अलीकडे या सगळ्यांची जागा ‘गॅस’ या एकाच शब्दाने घेतली आहे. तो सोयीचा असला तरी रोगनिदानाच्या दृष्टीने फसवा आहे, कारण तो उच्चारला की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : संस्कृत वैद्यकातील ‘आध्मान’ हा शब्द ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूपासून आला आहे. शंख फुंकणे, भात्याने विस्तव फुलवणे हेही याच धातूचे अर्थ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधीच्या अध्यायात आध्मानाची व्याख्या मिळते : गुडगुडणारे, अत्यंत दुखणारे, खूप फुगलेले पोट आणि त्याच्या मुळाशी वायूचा अवरोध. त्यालाच लागून ‘प्रत्याध्मान’ येते. ते आमाशयातून (जठरातून) उठते, त्यात कुशी व हृदयप्रदेश मोकळे राहतात आणि वायू कफाने वेढलेला असतो. ‘आनाह’ ही तिसरी संज्ञा आम (न पचलेले अन्न) किंवा मळ साचून झालेल्या अवरोधासाठी आहे. माधवनिदानात (बहुधा इ. स. सातवे–आठवे शतक) पहिल्या दोन व्याख्या जवळजवळ जशाच्या तशा उतरल्या आहेत. सुश्रुतसंहितेचा आजचा पाठ अनेक हातांतून गेलेला असल्याने त्यांचा मूळ काळ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत धरणे एवढेच सुरक्षित.

आध्मान म्हणजे आजचे ‘आयबीएस’ (क्षोभी आतडे) असे समीकरण अनेक अर्वाचीन लेखक मांडतात. ते जपून घ्यावे. सुश्रुताने या विकाराला ‘घोर’ म्हटले आहे, वेदनेला ‘अत्युग्र’. हे वर्णन महिनोन्महिने कमीजास्त होणाऱ्या फुगीपेक्षा आतड्यातील तीव्र अवरोधाला अधिक जवळचे वाटते. जेवणानंतर वरच्या पोटात येणाऱ्या भरलेपणाशी प्रत्याध्मानाचे साम्य मात्र लक्षणीय आहे.

स्त्रियांच्या संदर्भात चरकसंहितेतील ‘रक्तगुल्म’ (गुल्म म्हणजे पोटातला गोळा) अधिक महत्त्वाचा. हा गुल्म फक्त स्त्रियांना होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ऋतुकाळात (पाळीच्या दिवसांत) उपाशी राहणे, भय, रूक्ष आहार आणि वेग (शौच, लघवी इत्यादींची भावना) अडवून धरणे ही त्याची कारणे. पोट गर्भिणीसारखे वाढते, पण आतला पिंड अवयवांनी न हलता एकसंध स्पंदन पावतो. त्यावर दहावा महिना उलटल्यावर उपचार करावेत, असा आदेश आहे. जुना झालेला गुल्म सुखसाध्य होतो म्हणून हा आदेश, असे एक मत. गर्भाशी गल्लत होऊन घात होऊ नये म्हणून ही सावधगिरी, असे दुसरे. दुसरे मत अधिक पटते, कारण सगळे वर्णनच गर्भधारणेशी तुलना करत पुढे जाते. रक्तगुल्म म्हणजे बीजांडकोशातील गाठ, गर्भाशयातील तंतुगाठ की द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढणारी वार), यावरही एकमत नाही. सोनोग्राफीच्या आधीच्या काळात बाहेरून सारखे दिसणारे अनेक विकार एका नावाखाली आले असावेत.

यंत्रणा : निरोगी आतड्यात साधारण १०० ते २०० मिलिलिटर वायू असतो. पोटफुगीच्या बहुतेक रुग्णांत तो याहून फारसा जास्त भरत नाही. सकाळी सैल बसलेली सलवारीची नाडी दुपारच्या जेवणानंतर काचू लागते, संध्याकाळी सोडली की कमरेभोवती लाल वळ दिसतो आणि रात्रीच्या झोपेनंतर पोट पुन्हा सपाट होते. एवढा फरक वायूच्या साठ्याने पडत नाही. बार्सिलोना येथील संशोधकांनी सीटी स्कॅनच्या आधारे दाखवले की अशा वेळी मध्यपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) खाली उतरते आणि पोटाची पुढची भिंत सैल पडते; खरे तर उलट व्हायला हवे. दुसरे कारण आतड्याच्या मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता. नेहमीइतकाच वायू त्यांना असह्य वाटतो. तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणून मुलीचे दुखणे खोटे ठरत नाही, हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही समजून घेतले पाहिजे.

पचनमार्गाच्या कार्यात्मक विकारांसाठीच्या २०१६ च्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, आठवड्यातून किमान एक दिवस ही तक्रार गेले तीन महिने असेल, तिची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि इतर लक्षणांपेक्षा फुगीच प्रधान असेल, तर तिला कार्यात्मक (तपासणीत दुसरा आजार न सापडणारी) पोटफुगी म्हणतात.

पाळीशी संबंध : पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचे पोट जड होते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याची हालचाल मंदावते, हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते, पण त्याचे पुरावे एकसारखे नाहीत. पाळी सुरू होताच प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील रसायनांमुळे गर्भाशयाबरोबर आतडेही आकुंचन पावते. म्हणून पहिल्या दिवशी कळा आणि पातळ शौच एकत्र येतात. रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि तिने फुगी वाढते. अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

वेग अडवून धरण्याचा चरकाने केलेला निषेध कोकणात आजही लागू पडतो. पहाटेची एसटी पकडून तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुलगी शौचाची वेळ गमावते. कॉलेजच्या संडासाला पाणी किंवा कडी नसेल तर ती दिवसभर पाणीच कमी पिते. मळ कोरडा होतो, साचतो, आणि तक्रार मात्र ‘गॅस’ची होते.

आहार : रायगडातील वालाचे बिरडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कुळथाची पिठी, मालवणकडची काळ्या वाटाण्याची उसळ या सर्वांत रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात. कडधान्य भिजवून पाणी टाकून देणे व मोड आणणे यांनी या शर्करा कमी होतात. फणसाच्या आठळ्यांत न पचणारा स्टार्च असतो, त्यामुळे वैशाखात मूठभर भाजलेल्या आठळ्यांनंतर होणारी गुडगुड अगदी समजण्यासारखी आहे. दूध न सोसणे हेही एक सामान्य कारण होय.

घरगुती उपाय व एक धोका : ओवा तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधून पोट शेकणे, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावणे हे उपाय सर्वत्र आहेत. शेकाने पाळीच्या कळा खरोखर कमी होतात. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्याची प्रथा मात्र सोडावी. पीळ पडलेला बीजांडकोश किंवा सुजलेले आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) असताना चोळणे घातक ठरू शकते.

वेगळी कारणे : पाळीत दरवेळी कामधंदा सोडून पडावे लागणे, शौचाला बसताना दुखणे ही लक्षणे अंतर्गर्भाशयी अस्तराच्या विकाराकडे (एंडोमेट्रिओसिस) बोट दाखवतात. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांत तो असतो, आणि सोनोग्राफी स्वच्छ असली तरी तो नाही असे म्हणता येत नाही. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, पोटात पाणी या लक्षणांत पोटाचा क्षयरोग आठवावा. शौचातून रक्त, हाताला लागणारी गाठ, शौच व वायू दोन्ही बंद होणे, पाळी चुकल्यावर एकाएकी तीव्र वेदना किंवा भोवळ या वेळी थांबू नये. गर्भधारणेची शक्यता तपासणे हा अपमान नाही. लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेण्यास घरचे कचरतात. पण भरलेल्या मूत्राशयावर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत शरीराच्या आत काहीही घालत नाहीत, हे मुलीला आणि आईला आधीच सांगावे.

उपचार : इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून वाढवणे, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, मध्यपटलाने घ्यायचा संथ श्वास, पाळीच्या कळांसाठी मेफेनॅमिक अॅसिड. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला कमी-फॉडमॅप आहार (आतड्यात सहज आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला) दोन ते सहा आठवडे पाळून नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो. भात, मासे, अंडी चालत असल्याने कोकणात तो तुलनेने सोपा. अडचण कांदा-लसणाच्या वाटणाची. त्याऐवजी हिंगाची फोडणी देताना बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते, हे ध्यानात ठेवावे. गहू वर्ज्य असेल तर डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा. वजन मुळात कमी असलेल्या मुलीला हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय देऊ नये.