नकाशाची पाठ आधी दाखवा

"सोबत फोटो पाठवतोय. सरे काउंटी, जॉन स्पीड, १६१०. किती येतील?" असा मेसेज आमच्या जुन्या नकाशांच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. फोटो फक्त पुढून, तोही काचेतून, वर ट्यूबलाइटची तिरीप. एवढ्यावर आम्ही भाव सांगत नाही. काहींना हा आखडूपणा वाटतो, म्हणून हे पत्रक.

स्पीड हा इंग्रज नकाशाकार; त्याने काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, नकाशे काढले. ते ज्यांवरून छापत ते तांब्याचे पत्रे ॲमस्टरडॅमच्या योडोकुस होंडियसने कोरले. त्यातल्या बऱ्याच पत्र्यांवर १६१० आहे. ते साल कोरण्याचं. तुमच्या हातातला कागद कधी छापला, ते त्यावरून कळत नाही. पत्रे हातोहात विकले गेले आणि अठराव्या शतकातही त्यांवरून छपाई सुरूच होती. नवा मालक आपलं नाव कोरून घेई, जुनं साल मात्र बहुधा तसंच ठेवी. धंदा तेव्हाही धंदाच होता.

म्हणून आधी प्रकाशकाचं नाव वाचा. सडबरी आणि हंबल असेल तर सुरुवातीच्या दशकांतला, बॅसेट आणि चिसवेल असेल तर १६७६च्या आवृत्तीतला, हेन्री ओव्हर्टन म्हणजे अठरावं शतक. मग कागद उलटा करा. मागे बहुधा काउंटीचं वर्णन छापलेलं असतं, आणि तो मजकूर दर आवृत्तीला छपाईचे खिळे (सुटी अक्षरं) नव्याने जुळवून छापलेला. स्पेलिंग, ओळ कुठे तुटली, पहिलं नक्षीदार अक्षर, यांवरून आवृत्ती ठरते. पत्रा तोच असला तरी पाठ तीच नसते.

आणि नेमकी हीच पाठ फ्रेमवाला गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतो! तो कागद सोडवायला आमचे दिवसच्या दिवस जातात. मजकूर नेहमी वाचतोच असं नाही. घरी पाण्याने सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको, हाताने भरलेले रंग पसरतात.

पाठ कोरी निघाली म्हणून लगेच खट्टू होऊ नका. विल्यम कॅम्डेनच्या 'ब्रिटानिया' या ब्रिटनचं वर्णन करणाऱ्या ग्रंथासाठी विल्यम किप आणि विल्यम होल यांनी कोरलेले नकाशे १६०७च्या आवृत्तीत लॅटिन मजकुरासह आहेत, १६१०च्या आवृत्तीत मागे काहीच नाही, तरी नकाशा अस्सलच.

तेव्हा फ्रेममधून काढलेल्या नकाशाचे पुढचा, मागचा आणि प्रकाशकाच्या नावाचा असे तीन फोटो पाठवा. काढायची भीती वाटत असेल तर फ्रेमसकट दुकानात आणा. आम्ही समोरच उघडू, आणि परत बसवताना गोंदाऐवजी कागदी बिजागऱ्या, म्हणजे कागदाच्या छोट्या पट्ट्या, लावू. बघायचे पैसे घेत नाही, बसवायचे घेतो.