राजकमलची गोष्ट सुरू होते ती परळच्याही आधी, कोल्हापुरात

व्ही. शांताराम म्हटलं की लोकांना आधी संध्याबाई आठवतात, मग 'पिंजरा', मग कुणीतरी 'ऐ मालिक तेरे बंदे हम' गुणगुणतं आणि विषय संपतो. पण बापूंची, म्हणजे शांतारामांची, स्वतःची कंपनी, राजकमल कलामंदिर, ही उभी कशी राहिली आणि एवढी वर्षं टिकली कशी हे कुणी फारसं सांगत नाही, आणि मला विचाराल तर पिक्चरांपेक्षा ती गोष्ट जास्त भारी आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म १९०१, कोल्हापूरकडचे. शिक्षण बेताचं, हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमधे काम, तिथंच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम, गंधर्व नाटक मंडळीत चिल्लर भूमिका, आणि मग बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. तिथं 'तू फक्त नट' असं काही नव्हतं, झाडू मारायचा, सेट उचलायचा, लॅबमधे फिल्म धुवायची आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून उभं राहायचं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मधला तो तरुण शेतकरी म्हणजे बापूच. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढं राजकमलमधे जी शिस्त दिसते, म्हणजे सगळं एका आवारात, सगळं आपल्या नजरेखाली, ती इथून आली.

१९२९ मधे पाच जणांनी मिळून प्रभात फिल्म कंपनी काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि पैशाची बाजू बघणारे सीताराम कुलकर्णी. १९३३ ला कंपनी कोल्हापूरहून पुण्याला गेली. 'अयोध्येचा राजा', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', पिक्चरच्या सुरुवातीला प्रभातचं चिन्ह, ती तुतारीवाली बाई, पडद्यावर आली की लोक सावरून बसायचे. पण पाच मालक म्हणजे पाच मतं. त्यात 'शेजारी'ची नायिका जयश्रीबाई, त्यांच्याशी १९४१ मधे बापूंचं लग्न, आणि वर्षभरात बापू प्रभातमधून बाहेर. लोक अजून भांडतात की कुणाचं चुकलं, मला त्यात पडायचं नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस चालती कंपनी सोडून, महायुद्ध चालू असताना, मुंबईत नव्यानं दुकान मांडतो, यातच काय ते आलं.

जागा मिळाली परळला. वाडिया मूव्हीटोन, म्हणजे जिथून स्टंटपटांची नायिका 'हंटरवाली' नादिया घोड्यावरून निघाली तोच स्टुडिओ. वाडियांचं बस्तान तेव्हा उठत होतं, ती जागा बापूंनी घेतली. नाव ठेवलं आईवडलांचं, राजाराम आणि कमला, राजकमल. पहिला पिक्चर 'शकुंतला', १९४३. जयश्रीबाई शकुंतला, चंद्रमोहन दुष्यंत, आणि संगीत वसंत देसाईंचं, जे प्रभातपासून बापूंच्या मागे होते. मुंबईच्या स्वस्तिक थिएटरात १०४ आठवडे चालला. दोन वर्षं! पुढं तो अमेरिकेतल्या थिएटरातही लागला. पहिल्याच घासाला असा लाडू मिळाला म्हणून बाकी सगळं जमलं, असं माझं मत.

१९४६ ला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', युद्धात सेवा करायला चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट, आणि कोटणीस झाले स्वतः बापू. पुढच्याच वर्षी 'लोकशाहीर रामजोशी', आणि त्याच्या दिग्दर्शनाला बोलावलं कुणाला, तर बाबूराव पेंटरांना. ज्यांच्याकडं झाडू मारला त्या गुरूला आपल्या स्टुडिओत दिग्दर्शक म्हणून आणलं. लेखन गदिमांचं, नायिका हंसा वाडकर, आणि मराठीत तमाशापटांची जी लाट आली ती इथून. १९५१ च्या 'अमर भूपाळी'मधल्या 'घनश्याम सुंदरा'नं तर आमच्या आजीची सकाळच व्हायची, रेडिओ लावल्याशिवाय चहा नाही.

आता रंगाचं बघा. प्रभातमधे असताना 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरलं होतं, त्यासाठी बापू जर्मनीला गेले आणि रंग काही जमला नाही. तो काटा वीस वर्षं सलत असणार, कारण १९५५ ला 'झनक झनक पायल बाजे' आला तो थेट टेक्निकलरमधे, गोपीकृष्ण आणि संध्या, आणि असा धो धो चालला की विचारू नका.

आणि त्यानंतर एखाद्यानं आणखी मोठा रंगीत नाचाचा पिक्चर काढला असता की नाही? बापूंनी काढला काळापांढरा 'दो आंखें बारह हाथ', सहा खुनी कैदी आणि एक जेलर. गदिमांचं लेखन, आणि मूळ औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचं. गदिमा त्याच आटपाडी-माडगूळ भागातले, म्हणजे गोष्ट घरचीच. जेलर स्वतः बापू. बैलाशी झुंजीचा सीन होता, डमी वगैरे नाही, पन्नाशी उलटलेला मालक स्वतः उतरला आणि डोळ्याला असा मार बसला की दृष्टी जायची वेळ आली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून असताना बंद डोळ्यांपुढं रंग नाचायला लागले आणि त्यातून 'नवरंग' सुचला. इकडं 'दो आंखें'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, बर्लिनला सिल्व्हर बेअर. पण मला पुरस्कारांपेक्षा तो बैलच आठवतो, कारण सगळ्या कंपनीचा डोलारा ज्या एका माणसावर उभा, तोच शिंगांपुढं गेला आणि 'अहो, तुम्ही नका' म्हणणारा पार्टनर उरलेलाच नव्हता.

हीच स्वतःच्या कंपनीची दुसरी बाजू. 'नवरंग'ला वसंत देसाई नव्हते, सी. रामचंद्र आले. डोक्यामागं पुरुषाचा मुखवटा लावून एकटी संध्याच बाई पण होते आणि बाप्या पण, तो होळीचा नाच तेव्हा अफाट वाटला, पण पुढं पुढं तेच ते, तोच भडकपणा. मधेच 'गीत गाया पत्थरों ने'मधून जितेंद्र मिळाला, ज्याच्या घरचा धंदा पिक्चरवाल्यांना खोटे दागिने पुरवायचा, तो दागिने घेऊन राजकमलमधे यायचा आणि हिरो होऊन बाहेर पडला. मग १९७२ ला 'पिंजरा', डॉ. लागू, निळू फुले, राम कदमांचं संगीत, आणि बापू सत्तरीत परत हिट.

पण पिक्चर पडले तरी परळचं आवार चालू राहिलं, ते भाड्यावर. फ्लोअर दुसऱ्यांना द्यायचे, आणि साऊंड तर काय, मंगेश देसाई तिथं मिक्सिंगला बसायचे, 'शोले'च्या आवाजाचं काम तिथं झालेलं. गब्बरच्या बुटांची ती खर्रखर्र आठवा! प्रभात पन्नाशीच्या दशकात बंद पडली आणि तिच्या जागेत पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आली, राजकमल मात्र बापूंच्या हातात शेवटपर्यंत राहिली. १९८५ चा फाळके पुरस्कार मिळाल्यावर पण माणूस गप्प बसला नाही, १९८७ ला 'झांझर' काढला. तो काही चालला नाही. ३० ऑक्टोबर १९९० ला बापू गेले.