थर लावण्याआधी पाण्याचा हिशोब

भाज्यांचे थर लावून वर क्रीमचा सॉस ओतून भाजलेला पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. वरचा पापुद्रा छान सोनेरी असतो, पण पहिला तुकडा उचलताच तळाशी पातळ पाणी दिसतं आणि थर घसरतात. दोष सॉसच्या माथी मारला जातो. पाणी मात्र भाजीचं असतं. झुकिनीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोतही जवळपास तेवढंच, वांग्यात ९२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक किलो झुकिनीचे काप रचले की ट्रेमध्ये साडेनऊशे मिलिलिटरच्या घरात पाणी भरलं गेलं.

हे पाणी पेशींच्या पातळ पटलांच्या आत कोंडलेलं असतं. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की ही पटलं निकामी होतात आणि पाणी झिरपू लागतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन मात्र इतक्या लवकर हार मानत नाही. ते भराभर विरघळायला ८५ अंशांच्या पुढे जावं लागतं. थोडक्यात, भाजी पाणी आधी सोडते आणि मऊ नंतर पडते. मधल्या वेळात सगळं पाणी सॉसमध्ये उतरतं.

म्हणून ते आधीच काढून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झुकिनीच्या कापावर मीठ भुरभुरून जरा निरखून बघा. काही मिनिटांत पृष्ठभागावर बारीक थेंब जमतात, ते एकमेकांत मिसळून ओघळतात, आणि आधी वाकवताच तुटणारा काप आता न मोडता वाकतो. मिठामुळे बाहेरचं द्रावण तीव्र होतं आणि परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर येतं. अर्ध्या तासाने काप टिपून कोरडे करायचे आणि सॉसमध्ये मीठ बेतानेच घालायचं. वांग्याला तर याचा दुहेरी फायदा. त्याचा गर हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो, म्हणून ते तेल पितं. मीठ लावल्यावर गर दबतो आणि तेल कमी शोषलं जातं.

बटाट्याची गोष्ट निराळी. त्यात पाणी कमी आणि स्टार्च भरपूर, त्यामुळे तळाशी लावलेला बटाटा थोडंफार पाणी स्वतःच सामावून घेतो. पण त्याला टोमॅटोला खेटून ठेवू नका. आम्लामुळे पेक्टिन विरघळायला वेळ लागतो आणि बाकी सगळं शिजलं तरी बटाटा कचकचीत राहतो. कापाची जाडीही सांभाळावी लागते: जाडी दुप्पट केली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो.

आता सॉस. मैदा थेट गरम दुधात टाकला तर गोळ्याच्या बाहेरचे कण लगेच फुगून चिकट कवच करतात आणि आत कोरडं पीठ अडकतं, हीच गुठळी. लोण्यात परतलेल्या मैद्याच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो, ते सुटे राहतात आणि दुधात एकसारखे फुगतात. सॉसला एकदा उकळी फुटू द्यायलाच हवी, नाहीतर स्टार्च पुरता फुगत नाही आणि कच्च्या पिठाची चव राहते. थरांवर ओतताना तो हवा त्यापेक्षा थोडा दाटच ठेवावा. स्टार्चचा आणखी एक उपयोग म्हणजे टोमॅटोच्या आंबटपणाने दुधातलं केसीन हे प्रथिन साकळू लागतं तेव्हा तो त्याचे कण एकत्र येऊ देत नाही, आणि सॉस सहसा फुटत नाही.

ओव्हन २०० अंशांवर असला तरी ओलावा आहे तोवर ट्रेच्या आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. पृष्ठभाग कोरडा झाला की मगच तो त्यापुढे तापतो, आणि १४० अंशांच्या सुमारास प्रथिनं व शर्करा यांच्यातली अभिक्रिया जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२मध्ये तिचं वर्णन केलं. दुधातली लॅक्टोज शर्करा या अभिक्रियेत भाग घेते, म्हणून दुधाचा सॉस इतका सुरेख खरपूस होतो. आधी फॉइलखाली भाजी मऊ होऊ द्यावी, मग फॉइल काढून वरचा भाग कोरडा होऊ द्यावा.

ट्रे बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं सुरी लावू नये. सॉस निवताना स्टार्चमधल्या अमायलोजच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं विणतात आणि थर जागेवर बसतात.

सुवासिक पानांचे दोन गट करावेत. थाइम आणि रोझमेरी यांचा सुवास लांब शिजण्यातही टिकतो, शिवाय त्यातली सुगंधी द्रव्यं स्निग्धात विरघळतात, म्हणून ती लोणी वितळतानाच घालावीत. बेझिल, पार्स्ले, शेपू यांचा ताजा वास उष्णतेने उडून जातो आणि बेझिलचं पान तर काळंही पडतं. ती ट्रे निवत असताना चिरून, वाढण्याच्या तोंडावर वरून घालावीत.