प्रसिद्धिकार : मनोरंजन व माध्यमे (इंदूरच्या संदर्भात)

चित्रपट, नाटक, मैफल, वाहिनी किंवा एखादा कलावंत यांच्याविषयी माध्यमांतून लिहिले-बोलले जावे म्हणून खटपट करणारी व्यक्ती म्हणजे प्रसिद्धिकार. बोलण्यात तिला ‘पीआर’ किंवा ‘पीआरओ’ म्हणतात. कलावंताचा व्यवस्थापक त्याला कामे मिळवून देतो आणि त्यातून टक्केवारी घेतो. जाहिरात संस्था पैसे मोजून जागा घेते. प्रसिद्धिकाराचा मोबदला सहसा दरमहा ठरलेला किंवा एका चित्रपटापुरता असतो, आणि त्याने मिळवायची जागा मात्र विकाऊ नसते, निदान नसावी. पानभर जाहिरातीकडे दुर्लक्ष करणारा वाचक त्याच पानावरची चार ओळींची बातमी खरी मानतो, आणि या विश्वासावर सारा धंदा उभा आहे.

धंद्याची आधुनिक घडण अमेरिकेत झाली. करमणुकीचे खेळ भरवणारे पी. टी. बार्नम यांनी 1850 मध्ये जेनी लिंड या स्वीडिश गायिकेचा दौरा आखला. अमेरिकेत तिचे गाणे कोणी ऐकलेले नसतानाच त्यांनी तिचे नाव घरोघर पोचवले. पत्रकारांना तयार निवेदन देण्याची पद्धत, म्हणजे आजची प्रेस नोट, जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांच्या 1906 मधील रेल्वे अपघाताच्या निवेदनापासून रुळली असे मानतात. पुढे हॉलिवुडच्या स्टुडिओंनी यासाठी स्वतंत्र खातीच उघडली. भारतात हे काम बराच काळ निर्माता स्वतः किंवा लिहिता हात असलेला एखादा सहकारी करी. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) घेऊन फिरताना तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, अशी जाहिरात करत असे सांगतात. ‘आवारा’च्या (1951) कथेचे सहलेखक व्ही. पी. साठे हेही प्रसिद्धीच्या कामातले.

इंदूरचा या व्यवसायाशी संबंध वितरणातून आला. हिंदी चित्रपटांच्या वितरणात देशाचे जे विभाग पाडले आहेत, त्यांतल्या ‘सेंट्रल इंडिया’चे, बोलीत ‘सीआय’चे, इंदूर हे केंद्र. पोस्टर, फोटोसेट, गाण्यांची पुस्तिका हा सगळा माल मुंबईहून वितरकाच्या कचेरीत येई आणि तिथून गावोगावच्या टॉकीजना जाई. भोंगा लावलेला टांगा आणि भिंतीवर लावायची खळ ही गावपातळीवरची प्रसिद्धी होती. त्यातल्या बऱ्याच टॉकीज आता नाहीत, पण रिक्षावाल्याला पत्ता अजून टॉकीजच्याच नावाने, रीगल आणि मधुमिलन चौराह्याचाच सांगावा लागतो. इतकी टिकाऊ प्रसिद्धी कोणत्याही पीआरला जमलेली नाही. वितरण व्यवसायातले जयप्रकाश चौकसे (निधन 2022) ‘दैनिक भास्कर’मधील आपल्या सदरातून चित्रपटसृष्टीवर वर्षानुवर्षे लिहीत राहिले. धंदा आतून जाणणारा स्तंभलेखक गावात असला की प्रसिद्धिकाराला बढाया मारताना जरा जपावे लागते.

आता मोठ्या चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी ‘सिटी टूर’ असते आणि तीत इंदूर बरेचदा असते. कलावंत सकाळच्या विमानाने उतरतात. हॉटेलात पत्रकार परिषद, मग एफएम केंद्र, एखादे महाविद्यालय किंवा मॉल, छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांचा फोटो, आणि संध्याकाळी परत. मुंबईची संस्था आराखडा देते. प्रत्यक्ष निभावतो तो स्थानिक माणूस. कोणत्या वार्ताहराला स्वतंत्र पाच मिनिटे द्यायची, कोणाला घोळक्यात बसवले तर राग येईल, कोणता प्रश्न आधीच ‘नको’ म्हणून सांगायचा, हे त्यालाच ठाऊक असते. पोह्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी हमखास छापून येतो. चित्रपटाविषयी त्यात काही नसते.

मराठी रंगभूमीच्या बाबतीत हे गणित निराळे आहे. शहरात मराठी माणसे होळकरांच्या काळापासून आहेत, पण मोठा खप असलेली दैनिके हिंदी. त्यामुळे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मराठी नाटकाची प्रेस नोट हिंदीत लिहावी लागते, तीही नावांतल्या ‘ळ’चा ‘ल’ होणार हे धरूनच. शिवाय ती बातमी हिंदी वाचकाला तिकीट काढायला लावेल अशी अपेक्षा फारशी नसते. मग ती कशासाठी? सभासदांच्या वर्गणीवर मराठी नाटके आणणाऱ्या इथल्या ‘सानंद’ या संस्थेची रचना पाहिली की उत्तर मिळते. तिचे सभासद रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार अशा पाच गटांत विभागलेले आहेत आणि एकाच नाटकाचे पाच प्रयोग शनिवार-रविवारी होतात. खुर्च्या वर्गणीनेच भरलेल्या असतात. शनिवारच्या प्रयोगाची बातमी रविवारी येते, परीक्षण येईपर्यंत नाटकमंडळी परतीच्या वाटेला लागलेली असते. इथे प्रसिद्धीने तिकिटे खपत नाहीत. प्रायोजकाला आपले नाव छापलेले दिसते, पुढच्या वर्षीच्या वर्गणीला बळ मिळते, आणि आपल्या कार्यक्रमाची शहराने नोंद घेतली याचे समाधान सभासदांना लाभते. ‘बातमी लागली का?’ हा प्रश्न त्यासाठीच विचारला जातो.

गटांना दिलेल्या नावांतच जुनी पद्धतही दडली आहे. रामूभैया दाते हे रसिक म्हणून ख्यातकीर्त. गायक अरुण दाते यांचे वडील. त्यांच्या घरची बैठक कानोकानी कळे. राहुल बारपुते 1947 मध्ये सुरू झालेल्या ‘नई दुनिया’चे संपादक, कुमार गंधर्वांचे स्नेही, नाटकात आणि संगीतात मुरलेले. संपादकच मैफलीत बसलेला असेल तर त्याला पत्रक पाठवण्याचे कारण उरत नाही. आजचा वार्ताहर संध्याकाळी तीन कार्यक्रम सांभाळतो. तयार मजकूर आणि चांगला फोटो त्याला हवाच असतो, आणि पत्रकातली विशेषणे जशीच्या तशी छापली जातात. हे सोयीचे आहे, पण यात परीक्षणाचा बळी गेला आहे.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा प्रकार, म्हणजे ‘पेड न्यूज’, याची प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये दखल घेतली, ती मुख्यतः निवडणुकांच्या संदर्भात. मनोरंजनाच्या पुरवण्यांत बातमी आणि जाहिरात यांमधली सीमा त्याहून पुसट आहे. रीलवाल्यांमुळे ती आणखी पुसट झाली. केंद्र सरकारच्या 2023 च्या सूचनांनुसार फुकट वस्तू किंवा सहल मिळाली असली तरी शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड उत्पादकाप्रमाणेच शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे.