तिकिटाचे पैसे कार्यक्रम होईपर्यंत कुणाकडे? ऑनलाइन पेमेंट अकाउंटमागची पार्श्वभूमी

गणपती झाले की मला फोन सुरू होतात. कुणाला दिवाळी पहाट करायचीय, कुणाला पन्हाळ्याचा ट्रेक काढायचाय, कुणाला लहान पोरांची चित्रकला स्पर्धा, आणि सगळ्यांची तक्रार एकच, "दादा, ऑनलाइन पैसे घ्यायला अकाउंट काढायला गेलो तर कागद किती मागायलेत, पॅन काय, नोंदणी काय, ठराव काय, आम्ही काय चोर हाय काय?" हा राग मला कळतो, मीही चिडलोय एकेकाळी. पण हे कागद कुठनं आले हे एकदा बघितलं की राग बराच कमी होतो, म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

मूळ मुद्दा साधा आहे. आपल्या कोल्हापुरात चप्पल लाईनला गेलात, पैसे दिले, चप्पल हातात, व्यवहार संपला. कार्यक्रमाचं तसं नसतं, माणूस महिनाभर आधी पैसे देतो आणि त्याला मिळतो फक्त शब्द, की अमुक तारखेला अमुक ठिकाणी कार्यक्रम होईल. मधल्या महिनाभरात ते पैसे कुणाकडे असतात आणि कार्यक्रम झालाच नाही तर कोण परत देतं, हा प्रश्न जुनाच आहे, फक्त त्याचं उत्तर काळाप्रमाणं बदलत गेलं.

आधी उत्तर होतं माणूस. 1915 साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हंजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथल्या बुकिंगच्या खिडकीत कागदाचा प्लॅन असायचा, खुर्च्यांचे चौकोन काढलेले, तिकीट गेलं की चौकोनावर पेनानं फुली. (8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, अजूनही तिथनं जाताना पाय जड होतात.) हौशी संस्थांचं बुकिंग तर आणखी साधं, राजारामपुरीतल्या एखाद्या मेडिकलवाल्याकडं पन्नास तिकिटांचा गठ्ठा, शाहूपुरीत पुस्तकाच्या दुकानात पन्नास, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सायकलवर फिरून स्थळप्रती आणि पैसे गोळा करायचे. माझ्याकडं अजून एक गठ्ठा आहे, रबर वाळून कागदाला चिकटलाय आणि वरच्या स्थळप्रतीमागं दुकानदारानं पेन्सिलीनं लिहिलंय, "37 गेली, 13 परत, 2 चे पैसे उद्या". कार्यक्रम रद्द झाला तर लोक त्याच दुकानात जाऊन पैसे मागायचे आणि तो द्यायचा, कारण त्याला उद्या त्याच गल्लीत दुकान उघडायचं असायचं. तेव्हाची केवायसी म्हणायची तर हीच.

इंटरनेटवर पैसे घ्यायची सोय आपल्या देशात 2000 सालाच्या आसपास आली, बिलडेस्क, सीसीअव्हेन्यू वगैरे कंपन्या तेव्हाच्या. पण छोट्या आयोजकाला त्याचा काही उपयोग नव्हता, अकाउंट सुरू करायलाच फी, वर दर वर्षाची वेगळी फी, एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी कोण भरणार. शिवाय लोकांना नेटवर कार्ड टाकायची भीती वाटायची, ती बरीच कमी झाली 1 ऑगस्ट 2009 पासून, रिझर्व्ह बँकेनं नेटवरच्या कार्ड व्यवहाराला जादाचा पासवर्ड सक्तीचा केला तेव्हा. पण आयोजकाच्या दृष्टीनं त्याच वर्षाची दुसरी तारीख जास्त मोठी आहे, ती म्हणजे 24 नोव्हेंबर 2009. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 चा, तो लागू झाला ऑगस्ट 2008 मध्ये, आणि त्याच्या आधारानं रिझर्व्ह बँकेनं मधल्या कंपन्यांना सांगितलं की लोकांचे पैसे तुमच्या धंद्याच्या खात्यात मिसळायचे नाहीत, बँकेत वेगळं नोडल खातं ठेवायचं आणि साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत ज्याचे त्याला पोचवायचे. मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात तिकिटाचे पैसे वेगळ्या डब्यात असायचे ना, तसंच हे.

मग आलं यूपीआय. 11 एप्रिल 2016 ला जाहीर झालं, ऑगस्टअखेर बँकांची ॲप आली आणि 8 नोव्हेंबरला नोटाबंदी. चहाच्या गाड्यापासून तालीम मंडळाच्या वर्गणीपर्यंत सगळीकडं क्यूआर लागले, पुढं 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडनं घ्यायचा एमडीआर, म्हंजे दर व्यवहारामागचं कमिशन, सरकारनं शून्य केला. लई भारी सोय झाली, यात शंकाच नाही. पण आयोजकांनी एक चूक केली, आम्हीही केली, खजिनदाराच्या नाहीतर कुणातरी मित्राच्या पर्सनल खात्याचा क्यूआर पोस्टरवर छापायचा. पावतीपुस्तक नको, गेटवे (म्हंजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली कंपनी) नको, पैसे लगेच.

आमच्या एका गाण्याच्या कार्यक्रमाला असंच केलं होतं. मित्राच्या खात्यात अडीचशेच्या वर लोकांचे पैसे आले, आणि त्यातल्या कुणातरी एकाच्या खात्यात आधी कुठल्यातरी फसवणुकीचे पैसे आले होते, आम्हाला ते कळायचं कारणच नाही. कार्यक्रम शनिवारी, गुरुवारी दुपारी मित्राचं खातं बँकेनं होल्डवर टाकलं, परराज्यातली सायबर तक्रार आहे एवढंच सांगितलं. मंडपवाला, साऊंडवाला दारात, पैसे खात्यात दिसतात पण काढता येत नाहीत. आम्ही चौघांनी घरातनं पैसे घालून कार्यक्रम केला. होल्ड निघायला सात आठवडे लागले, आणि तेवढे दिवस त्या पोराचा पगारसुद्धा त्याच खात्यात अडकला, त्याच्या आईच्या औषधाचे पैसे आम्ही दिले. हे मी विसरू शकत नाही. संस्थेचं खातं असतं तर चौकशी टळली असती असं नाही म्हणत, पण निदान एका माणसाचं घर त्यात सापडलं नसतं.

आता जे कागद मागतात ते आले 17 मार्च 2020 च्या नियमांतनं, रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रिगेटरचे, म्हंजे लोकांकडनं पैसे घेऊन आयोजकाला पोचवणाऱ्या या मधल्या कंपन्यांचे नियम. तारीख बघा, आठवडाभरात देश बंद झाला आणि देशभरचे कार्यक्रम रद्द होऊन रिफंडची रांग लागली. या नियमांनी अर्ज करतानाच कंपनीकडं 15 कोटींची नेटवर्थ पाहिजे असं ठरवलं, पैसे एस्क्रो खात्यात, म्हंजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाहीत अशा वेगळ्या खात्यात, ठेवायला लावले, ज्याला पैसे द्यायचे त्या व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची जबाबदारी कंपनीवर टाकली, आणि रिफंड साधारणपणे ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं परत गेला पाहिजे असं सांगितलं. करारात तसं असेल तर रिफंडची मुदत संपेपर्यंत पैसे राखून ठेवायचीही सोय त्यात ठेवली. म्हणून काही ठिकाणी तिकिटाचे पैसे कार्यक्रम झाल्यावरच हातात येतात, आयोजक यावर चिडतात, पण तिकीट काढणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरच आहे असं माझं मत.

आपल्या कोल्हापुरात गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं, बऱ्याच मंडळांचा पैसा वर्षानुवर्षं पतसंस्थेत. पतसंस्था चांगली असेल, माणसं ओळखीची असतील, पण ती बँक नव्हे, बहुतेकांना स्वतःचा आयएफएससी कोड नसतो, मग गेटवेचे पैसे तिथं जमा होणार कसे? नागरी बँकेत का होईना, संस्थेच्या नावानं खातं पाहिजेच, आणि त्यासाठी संस्थेचं पॅन, नोंदणी आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदारांच्या सह्यांचा ठराव.

दुसरं नावाचं स्पेलिंग. कंपनी खात्यात एक रुपया टाकून नाव ताडून बघते. आमच्या ओळखीच्या एका तालमीचं पॅनवर 'तालीम'मध्ये डबल ई, बँकेत आय, आणि नोंदणीचं सर्टिफिकेट मराठीत. तीनदा अर्ज परत आला. शेवटी बँकेत अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणं करून घेतलं, त्यात वीस दिवस गेले.

आणि खर्च धरून तिकीट ठरवा. यूपीआयवर एमडीआर नसला तरी बऱ्याच कंपन्या आपली सर्व्हिस फी घेतात. समजा दोन टक्के धरले, तर 300 च्या तिकिटावर 6 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हंजे 1.08, हातात 292.92. चारशे तिकिटांना 2832 रुपये जातात, साऊंडवाल्याचा ॲडव्हान्स झाला की. तिकिटावरचा जीएसटी वेगळा, नाटक-गाण्याच्या तिकिटाला जानेवारी 2018 पासून 500 रुपयांपर्यंत माफी आहे, आधी ती 250 पर्यंत होती.

त्या तालमीच्या खजिनदाराचा परवा रात्री साडेदहाला फोन, "दादा, एक रुपया आला!" दिवाळी पहाटचं पोस्टर छापायला टाकलंय, क्यूआरखाली आता तालमीचंच नाव आहे.