‘मुळे’, ‘नंतर’ की नुसतंच ‘सोबत’? स्नोमेडमधल्या नात्यांची पार्श्वभूमी

आमच्या कोकणात ओपीडीच्या रजिस्टरला एक ओळ हमखास सापडते: ‘विंचू चावला, रात्री फुफ्फुसात पाणी.’ माणसाला ती कळते, लाल विंचवाने हृदयावर काय होतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपाय महाडच्याच एका डॉक्टरांनी पुढे आणलेला. घोळ आहे तो मधल्या स्वल्पविरामाचा, कारण कॉम्प्युटरला त्याचा अर्थ सांगावा लागतो. तो सांगायची सोय आज स्नोमेडमध्ये आहे, म्हणजे आजार, लक्षणं वगैरेंना कोड देऊन त्यांची एकमेकांशी नाती लिहिणाऱ्या वैद्यकीय शब्दसंग्रहात.

सुरुवातीला तो सांगायची सोयच नव्हती. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीवाल्यांनी शरीराची जागा, पेशीतला बदल, कारण आणि कार्य असे चार डबे केले, त्यातून १९७०च्या दशकात स्नोमेड आलं, डबे वाढत १९९३ ला अकरा झाले पण डब्याडब्यांतलं नातं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. तिकडे ब्रिटनमधल्या आजारांच्या कोडांची वेगळीच तऱ्हा, कोडाच्या अक्षरांतच घराणं लिहिलेलं, म्हणजे एका मुलाला एकच बाप. मग टीबीचा न्यूमोनिया फुफ्फुसाच्या घरात की संसर्गाच्या? त्या ब्रिटिश कोडांच्या तिसऱ्या आवृत्तीत ही गाठ सुटली आणि २००२ ला अमेरिकन आणि ब्रिटिश अशी दोन्ही घराणी एक होऊन स्नोमेड सीटी (क्लिनिकल टर्म्स) झालं. आता एका आजाराला कितीही बाप चालतात, वर जागा, कारण वगैरे नाती वेगळी लावता येतात.

खरी भानगड ‘मुळे’ची. मराठीत आपण ‘उंदरामुळे लेप्टो’ (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि ‘विषामुळे पाणी’ एकाच दमात बोलतो. स्नोमेडमध्ये हे चालत नाही. कारक म्हणजे थेट करणारा, म्हणून लेप्टोचा कारक तो जंतू, उंदीर नाही, आणि मलेरियात डासही नाही. विंचवाचं विष हे विषबाधेचं कारक, पण फुफ्फुसातलं पाणी त्या विषबाधे‘मुळे’, म्हणजे एका स्थितीतून दुसरी स्थिती, तिथे नातं बदललं. ‘नंतर’ हे तिसरं, त्यात फक्त क्रम, कारण असो वा नसो. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ‘सोबत’ म्हणजे संबंधित, जे कारणही म्हणत नाही, क्रमही म्हणत नाही आणि नाकारतही नाही.

मला तर ती पळवाटच वाटते. खरं कारण माहीत नसेल तेव्हा तोच प्रामाणिक शब्द, हे मान्य, पण विंचवाच्या केसमध्ये ‘सोबत’ लिहिलं तर पुढे विंचवामुळे किती जणांच्या फुफ्फुसात पाणी झालं हे शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार?

भारत २०१४ ला स्नोमेड चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे देशात वापर फुकट आहे, आरोग्य नोंदींच्या सरकारी मानकांतही स्नोमेड आहे. पण मी ज्या सॉफ्टवेअरवर डाटा एंट्री करायचो त्यात यादीतून नाव निवडायचं, बस. विंचूदंश एका ओळीत, फुफ्फुसात पाणी दुसऱ्या ओळीत. रजिस्टरमध्ये निदान स्वल्पविराम तरी होता.